नाव मोठं, पण मधल्या पोराचं काय?

पत्र असं आलंय (थोडं कापलंय):

"ताई, इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्सची ॲडमिशन दोन ठिकाणी मिळतेय. पहिलं कॉलेज जुनं आहे, नाव सांगितलं की समोरचा 'अरे वा' म्हणतो, रँकिंगमध्ये पण वर आहे. पण प्लेसमेंटचं विचारलं की धड कोणी सांगत नाही. दुसरं कॉलेज फारसं कोणाला माहीत नाही, पण त्यांच्या साईटवर मोठ्या अक्षरात ९६ टक्के प्लेसमेंट लिहिलंय. बाबा म्हणतात नाव आयुष्यभर पुरतं. मामा म्हणतो नाव काय चाटायचंय, पॅकेज बघ. मला पुढे एम्बेडेडमध्ये (म्हणजे यंत्रांच्या आत बसणारे छोटे कॉम्प्युटर) काम करायचंय. दोन्ही कॉलेजं बघून आले, पहिल्याची लॅब बंद होती, दुसरीकडे एक सिनियर मुलगी एकटीच काहीतरी सोल्डर करत बसली होती. फीचं म्हणाल तर दोन्हीकडे साधारण सारखी. दहा दिवसांत भरायची आहे, काय करू? – दोन दगडांवर पाय"

अगं दोन दगडांवर पाय, बाबा आणि मामा दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि दोघंही चुकीच्या पोराकडे बघतायत. बाबांच्या डोळ्यासमोर त्या जुन्या कॉलेजातून बाहेर पडून खूप मोठा झालेला कोणीतरी आहे, मामाच्या डोळ्यासमोर साईटवरचा हायेस्ट पॅकेजवाला. तू या दोघांपैकी एक होशीलही, मी नाही म्हणत नाही, पण त्या भरवशावर चार वर्षं लावू नकोस. तू बघायचंस ते मधलं पोर. तुझ्याच ब्रँचचं, मार्कांनी ना वर ना खाली, ज्याचा फोटो बॅनरवर कधीच लागत नाही असं. ते पास होऊन वर्षभराने काय करतंय, पाच वर्षांनी काय करतंय, एवढं दोन्ही कॉलेजांबद्दल कळलं ना तर तुझा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटला समज.

आता नावाचं. नावाला काहीच किंमत नाही असं जे म्हणतात ना त्यांनी कधी भरतीच्या बाजूला बसून बघितलेलं नसतं. मी बसलेय, बरीच वर्षं. चारशे बायोडेटा येतात, बघायला दोन माणसं, तेही आपलं काम सांभाळून, मग काय होतं, कॉलेजच्या नावावर फिल्टर लागतो आणि चारशेचे साठ होतात. लाज वाटते सांगायला पण असंच होतं. एकदा त्या साठांत एक मुलगा होता, कॉलेज एकदम नावाजलेलं, बायोडेटा चकाचक. त्याच्याच फायनल इयर प्रोजेक्टबद्दल विचारलं, हा सेन्सर का निवडलास, तर म्हणाला ते ग्रुपमधल्या दुसऱ्याने केलं होतं. बरं, मग तू काय केलंस? रिपोर्ट. त्याच दिवशी दुपारी एक मुलगी आली, तिचं कॉलेज आमच्यापैकी कोणी ऐकलेलं नव्हतं. तिने सांगितलं की तिचा बोर्ड सारखा बंद पडायचा, बोट लावलं तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग, चटका बसेल इतका तापलेला. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करायला तिने साधा लिनियर रेग्युलेटर टाकला होता आणि करंट होता अर्धा अँपियर. म्हणजे सात व्होल्ट गुणिले अर्धा, साडेतीन वॅट नुसती उष्णता, तीही हीटसिंक न लावता. मग तिने तो काढून स्विचिंगवाला टाकला, त्याने नॉइज (सर्किटमधले नको असलेले सिग्नल) वाढला, त्यात पुढचे दोन आठवडे गेले. हे सगळं ती वैतागून सांगत होती, म्हणजे अजून राग होता तिला त्या बोर्डाचा. आम्ही पाच मिनिटांत ठरवलं होतं.

पण या गोष्टीचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, तो मी सांगते. ती त्या साठांत नव्हतीच. आमच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीतून तिचा बायोडेटा वेगळा आला होता, नाहीतर फिल्टरने तिला कधीच उडवलं असतं. म्हणून बाबांना माझ्याकडून सांग की ते पूर्ण चुकलेले नाहीत. नाव दारापर्यंत नेतं. आत गेल्यावर मात्र कोणी नावाला प्रश्न विचारत नाही, तुलाच विचारतात. आणि दोन-तीन वर्षं नोकरी झाली की पुढच्या इंटरव्ह्यूत कॉलेज हा बायोडेटाच्या तळाशी एका ओळीचा विषय होतो, तेव्हा 'आयुष्यभर पुरतं' हे जरा जास्तच झालं.

यावर अभ्यास पण झालेत बरं का. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलांची माहिती घेतली आणि तुलना जरा हुशारीने केली. नुसतं मोठ्या कॉलेजची मुलं विरुद्ध छोट्या कॉलेजची मुलं असं नाही, कारण मोठ्या कॉलेजात मुळात हुशार मुलंच घेतात, मग ती पुढे जास्त कमावणारच, त्यात कॉलेजचं काय कौतुक. त्यांनी बघितलं की साधारण त्याच दर्जाच्या कॉलेजांनी घेतलेली आणि त्याच दर्जाच्या कॉलेजांनी नाकारलेली मुलं घ्यायची, आणि त्यातलं कोणी मोठ्या ठिकाणी गेलं, कोणी साध्या ठिकाणी गेलं, तर पुढे पगारात काय फरक पडतो. २००२ मध्ये त्यांचा पेपर आला, उत्तर होतं की फारसा नाही. अपवाद होता गरीब घरातल्या मुलांचा, त्यांना मोठ्या कॉलेजचा खरंच फायदा झालेला दिसला, म्हणजे ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्यांना कॉलेजच त्या ओळखी देतं. ही गोष्ट तू तुझ्या घराला लावून बघ, तुझ्या घरात या क्षेत्रातलं कोणी आहे का, मामा त्याच लाईनमधला आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस.

मग २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी तिथल्या सगळ्यात नामांकित बारा कॉलेजांचं असंच काढलं, वेटिंग लिस्टवरची मुलं घेऊन, कोण थोडक्यात आत गेलं आणि कोण थोडक्यात राहिलं. त्यातलं निघालं ते मला फार आवडतं, कारण ते बाबांना पण बरोबर ठरवतं आणि मामाला पण. सरासरी कमाईत फरक थोडाच. पण एकदम टोकाला, म्हणजे सगळ्यात जास्त कमावणाऱ्या एक टक्क्यात पोचायची शक्यता साधारण दीडपट, आणि मोठ्या नावाच्या कंपनीत लागायची शक्यता जवळपास तिप्पट. म्हणजे नाव मधल्या पोराला फार हलवत नाही, टोकाच्या पोराला हलवतं. हे दोन्ही अभ्यास अमेरिकेतले आहेत, फक्त इंजिनिअरिंगचे नाहीत आणि तुझ्या दोन कॉलेजांचे तर नाहीतच, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नकोस. पण आकार लक्षात ठेव. तुला पुढे कन्सल्टिंग, मोठी फायनान्सची फर्म, किंवा बाहेरच्या टॉपच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स असं काही करायचं असतं तर मी म्हटलं असतं डोळे मिटून नाव घे. तू म्हणतेस एम्बेडेड. तिथे मला तरी असं दिसलंय की हातात बोर्ड दिला की दहा मिनिटांत कळतं कोण किती पाण्यात आहे.

रँकिंगबद्दल. ते बघूच नको असं मी म्हणणार नाही, पण ते कशाचं बनलंय ते बघ, जसं आपण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघतो. अमेरिकेतले यूएस न्यूजवाले तिथल्या इंजिनिअरिंगच्या पदवीचं जे रँकिंग काढतात ते निव्वळ मतांवर असतं, म्हणजे इतर कॉलेजांचे डीन आणि वरिष्ठ प्राध्यापक १ ते ५ मध्ये मार्क देतात, बस. नोकरी, पगार, किती जण वेळेत पास झाले, यातलं त्यात काही नाही. क्यूएसच्या जागतिक रँकिंगमध्ये २०२४ च्या आवृत्तीपासून शैक्षणिक प्रतिष्ठेला ३० टक्के आणि कंपन्यांच्या मताला १५ टक्के, म्हणजे पंचेचाळीस टक्के 'लोकांना काय वाटतं', आणि प्रत्यक्ष मुलांच्या पुढच्या करिअरला ५. एनआयआरएफ, म्हणजे आपल्या केंद्र सरकारचं रँकिंग, त्या मानाने बरं, ग्रॅज्युएशन आउटकम्सला (मुलं पास होऊन पुढे काय करतात त्याला) २० आणि लोकांच्या मताला १०, पण तिथेही रिसर्चला ३० टक्के वजन आहे, आणि सरांचे पेपर छापून आले म्हणून तुला सर्किट शिकवलं जाईल असं काही नसतं. आणि जिथे मतांऐवजी आकडे असतात तिथे ती बरीचशी माहिती कॉलेजं स्वतःच भरतात हे विसरू नको. २०२२ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीचं प्रकरण झालं, त्यांच्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियसने, बसून आकडे तपासले आणि सांगितलं की हे जुळत नाहीयेत, आणि यूएस न्यूजच्याच सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या पुढच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या नंबरवरून अठराव्यावर आली. कॉलेज तेच, वर्ग तेच, शिकवणारे तेच. मग आदल्या वर्षी तो दुसरा नंबर बघून जी पोरं गेली त्यांनी नक्की काय निवडलं होतं?

आता मामाचा आकडा, ९६ टक्के. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. शंभरातले ९६, पण कुठले शंभर? समज ब्रँचमध्ये १२० मुलं आहेत. त्यातली ज्यांचा एखादा विषय राहिलाय ती बाद, ज्यांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं नाही ती बाद, पुढे शिकणार म्हणाली ती बाद, उरली ७५. त्यातल्या ७२ जणांना ऑफर आली. ७२ भागिले ७५, झाले की ९६ टक्के! कोणी खोटं बोललं नाही. पण १२० पैकी धरलं तर ६० टक्के. आता उरलेल्यांतले काही खरंच मास्टर्सला गेले असतील, ते वेगळे मोजायला पाहिजेत, पण बाकीचे कुठे गेले हे त्या मोठ्या अक्षरात नसतं. अजून एक प्रकार म्हणजे मुलं न मोजता ऑफर मोजायच्या, एका पोरीला तीन ऑफर आल्या की तीन धरल्या. आणि ऑफर म्हणजे जॉइनिंग नव्हे, आमच्याच क्षेत्रात ऑफर लेटर घेऊन महिनोन्महिने तारखेची वाट बघत बसलेली पोरं मी पाहिली आहेत.

ॲव्हरेज पॅकेजवर तर जाऊच नको. दहा पोरं, नऊ जणांना पाचचं पॅकेज, एकाला पंचावन्नचं. ॲव्हरेज किती? दहा! आणि दहाचं पॅकेज त्या दहांत एकालाही नाही. म्हणून मीडियन विचारायचा, सगळे पगार ओळीत लावले की बरोबर मधला जो येतो तो, इथे तो पाच आहे, खरं चित्र तेच. तोही तुझ्या ब्रँचचा हवा, अख्ख्या कॉलेजचा नको, कारण कॉम्प्युटरवाल्यांच्या पगाराने सगळ्यांचा आकडा फुगतो. आणि पॅकेजमध्ये काय काय कोंबलंय तेही बघ, चार वर्षांत मिळणारे शेअर्स, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, सगळं पहिल्या वर्षात धरून सीटीसी सांगतात आणि इन हॅन्ड बघितलं की पोरगं गप्प.

बाहेर काही ठिकाणी याचे नियम तरी जरा बरे आहेत. अमेरिकेत नेस म्हणून कॉलेजांच्या करिअर ऑफिसांची संघटना आहे, ते म्हणतात पास होऊन सहा महिन्यांपर्यंतची स्थिती सांगा आणि निदान ६५ टक्के पदवीधरांची माहिती हातात असेल असं बघा. ब्रिटनमध्ये सर्व्हे पास झाल्यावर १५ महिन्यांनी होतो, मला ते जास्त पटतं, तोपर्यंत पहिल्या नोकरीचा रंग उतरलेला असतो. तुझ्या कॉलेजांना हा नियम लागू नसेल, पण प्रश्न तोच विचारता येतो, तुम्ही किती मुलांना गाठून हे विचारलंत.

तर आजच बसून दोन्ही कॉलेजांच्या प्लेसमेंट ऑफिसला एकच ईमेल टाक, शब्द न बदलता. इलेक्ट्रॉनिक्सला चार वर्षांपूर्वी किती मुलं आली, त्यातली किती ठरलेल्या वेळेत पास झाली, किती जण नोकरीला लागले आणि किती पुढे शिकायला गेले, मीडियन पगार किती, आणि लागलेल्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करणारे किती. एनआयआरएफला भरलेली माहिती पीडीएफमध्ये कॉलेजच्या साईटवर असते, त्यात यातलं बरंच मिळतं (मीडियन पगार पण असतो), फक्त ती अख्ख्या कॉलेजची असते, ब्रँचची नाही. 'वेळेत पास' हा आकडा लोक बघतच नाहीत आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. तिसऱ्या वर्षाला पोरं ढिगाने अडकत असतील तर वर्गात काहीतरी बिनसलंय, मग बाहेर नाव सोनुबाई का असेना.

ईमेलचं उत्तर येईपर्यंत लिंक्डइनवर बस. पाच वर्षांपूर्वी तुझ्या ब्रँचमधून पास झालेले लोक शोध, दोन्हीकडचे चाळीस-चाळीस, आणि वरचे वरचे उचलू नको, जसे येतील तसे घे. वहीत लिही, पहिली नोकरी काय होती आणि आता काय करतायत. ज्यांचं बरं चाललंय तेच तिथे जास्त दिसतात, त्यामुळे दोन्हीकडचं चित्र थोडं गुलाबी येणार, पण दोन्हीकडे सारखंच गुलाबी येईल म्हणून तुलना चालते. त्यातल्या सहा-सात जणांना मेसेज कर. 'कॉलेज कसं आहे' असं विचारू नको, त्याला 'छान आहे' हेच उत्तर येतं. विचार की पहिली नोकरी कॉलेजमुळे लागली की स्वतः शोधली, आणि लहान भावाला तिथे पाठवशील का. दुसऱ्या प्रश्नाला माणूस जेवढा वेळ घेतो ना त्यात अर्धं उत्तर असतं.

एक गोष्ट बाबांच्या बाजूने अजून आहे आणि ती मला खरंच वजनदार वाटते. नावाजलेल्या कॉलेजात आजूबाजूची पोरं चांगली असतात. रात्री दोन वाजता तुझ्याबरोबर कोड डीबग करणारी पोरं, ती पुढे तुझं नेटवर्क होतात, ते कुठल्या साईटवर छापून येत नाही. पण त्याला दुसरी बाजू आहेच, सगळेच तालेवार असले की जी मुलगी शाळेत पहिली यायची ती तिथे पन्नासावी येते आणि काहींचा धीरच सुटतो. हर्बर्ट मार्श नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर १९८० च्या दशकापासून काम केलंय, आपल्याकडे याच्याच उलट्या बाजूला वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात आणि हसून सोडून देतात. पण लंगड्या गाईला निदान आपण शहाणे आहोत असं वाटून ती पुढे चालत राहते हेही खरंय. तू कुठल्या प्रकारची आहेस ते मला माहीत नाही, तुला माहीत असेल. स्पर्धा बघून तुला चेव येतो की पोटात गोळा येतो?

लोकांना कॉलेजचं नाव सांगताना कसं वाटेल हे तू लिहिलं नाहीस पण 'अरे वा' लिहिलंस त्यावरून कळलं. वाटू दे, त्यात काही चूक नाही, अठराव्या वर्षी सगळ्यांना वाटतं. फक्त तो 'अरे वा' किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघ एकदा. चार सेकंद. मग ते विचारतात ब्रँच कुठली, आणि मग स्वतःच्या मुलाबद्दल बोलायला लागतात.

आता माझं मत विचारशील तर सांगते. दोन्हीकडचे मीडियन आणि वेळेत पास होणाऱ्यांचे आकडे साधारण सारखे आले तर पहिलं घे, फी सारखीच आहे, फुकट मिळणारा फिल्टर का सोडायचा. पहिल्याने आकडे द्यायचंच टाळलं आणि दुसऱ्याचे ६० टक्के का होईना पण १२० पैकी मोजलेले, सरळ मिळाले, तर मी दुसऱ्याकडे झुकेन. आणि दुसऱ्याने पण परत ते ९६ च पाठवलं आणि बाकी काही सांगितलंच नाही, तर मग मला ते दोन्ही सारखेच, अशा वेळी पण नाव बरं. एक मात्र नक्की बघ, मान्यता ब्रँचला आहे का, नुसती कॉलेजला नाही. वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणून १९८९ चा करार आहे, त्यातले देश एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्यांना मान देतात पण मान्यता एकेका कोर्सची बघतात, आणि पुढे बाहेर जायचं झालं तर हे आडवं येऊ शकतं.

आणि ती लॅब. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, पण मी तेच दोनदा वाचलं. बंद लॅब एकदा बघून निष्कर्ष काढू नको, सुट्टी असेल, किल्लीवाले मामा जेवायला गेले असतील. परत जा, न सांगता, कामाच्या दिवशी, चारच्या सुमाराला. ऑसिलोस्कोपवर धूळ आहे का बघ, प्रोब तुटके आहेत का बघ, मुलांना सहानंतर बसू देतात का ते शिपायाला विचार, सरांना नको. दुसऱ्या कॉलेजात ती सोल्डर करणारी परत भेटली तर विचार काय करतेस, आणि सोल्डरिंग गन कॉलेजची आहे की तिची स्वतःची आणलेली. स्वतःची असेल तर तो कॉलेजचा गुण नाही, तिचा आहे, हे लक्षात ठेव. पण मग तिचा नंबर घेऊनच ये.